पणजीचं माहेर कागदपत्रांतून कसं शोधायचं

बहुतेक घरांतली वंशावळ बापाकडून मुलाकडे उतरत जाते. खापरपणजोबांपर्यंत पुरुषांची नावं सलग मिळतात आणि त्यांच्या शेजारी ‘पत्नी – सरस्वतीबाई’ एवढंच लिहिलेलं असतं. ती कुणाची लेक, कोणत्या गावची, तिला भाऊ होते का, याचा पत्ता नसतो. त्यातही ‘सरस्वती’ हे बहुधा सासरी ठेवलेलं नाव. लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदललेलं, म्हणजे आपण एकाच बाईच्या दोन नावांच्या शोधात असतो.

हा शोध अवघड आहे, पण वाटतो तितका अशक्य नाही. एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करा. तिचं माहेर तिच्या स्वतःच्या कागदांत क्वचितच सापडतं, कारण तिच्या नावाचे कागदच कमी. ते सापडतं तिच्या मुलांच्या आणि भावांच्या कागदांत. म्हणून शोधायचा आहे ‘मामा’.

पुढे सगळीकडे ‘पणजी’ म्हणजे तुमच्या आजोबांची आई असं धरलं आहे. पिढी वेगळी असेल तर नाती एक पायरी वर-खाली करून घ्या.

आधी घरातली माणसं

म्हाताऱ्या माणसांना ‘पणजीचं माहेरचं आडनाव काय?’ असं थेट विचारलं, तर ‘आता कोण सांगणार’ असं उत्तर येतं. त्याऐवजी आजोबांच्या पिढीचं कुणी हयात असेल तर विचारा: सुट्टीत कोणत्या गावी जात होता? मामाला काय म्हणून हाक मारायचात? दिवाळीला भाऊबिजेसाठी कोण येई? मुंजीत किंवा लग्नात मामा म्हणून कोण उभा राहिला? आडनाव विसरलेलं असतं, पण मामाच्या गावची नदी, देऊळ, जत्रा आठवते. गाव कळलं की निम्मं काम झालं.

आत्याबाईंना आणि लग्न होऊन गेलेल्या चुलत आज्यांना जरूर विचारा. लेकींना आईच्या माहेरची माहिती मुलग्यांपेक्षा हमखास जास्त असते. आणि उत्तर मिळालं की लगेच लिहून घ्या, कुणी सांगितलं आणि केव्हा सांगितलं यासकट.

मग घरातल्या वस्तू. तांब्या-पितळेच्या जुन्या भांड्यांच्या काठावर कोरलेली नावं पुसट झाली तरी वाचता येतात. तिरका प्रकाश टाकून मोबाइलवर फोटो काढा. घागर, परात, समई ही लग्नात माहेरहून किंवा आजोळहून आलेली असण्याची शक्यता असते आणि त्यांवर देणाऱ्याचं नाव असतं. लग्नपत्रिका, आहेराच्या याद्या, जन्मपत्रिका, जुनी पोस्टकार्डं तपासा. पोस्टकार्डाचा मजकूर राहू द्या, आधी शिक्का आणि खालची सही पाहा. ‘चि. ताईस अनेक आशीर्वाद’ असं लिहिणारा माणूस कोण, हे सहीवरून कळतं.

आहेराच्या यादीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण आजोबांच्या किंवा त्यांच्या बहिणींच्या लग्नातली यादी मिळाली, तर ‘मामा’ या शब्दापुढे कोणतं नाव आहे ते पाहा. एखाद्या नावापुढे रक्कम किंवा वस्त्रं बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त असतील तर ते नाव टिपून ठेवा.

श्राद्धाची नामावळ

ज्या घरांत पक्ष किंवा महालय केला जातो, तिथे नावांची एक वही किंवा चिठ्ठी असते. महालयात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आईच्या बाजूच्या तीन पिढ्याही घेतल्या जातात: मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह. म्हणजे आईचे वडील, आजोबा, पणजोबा, आणि तेही त्यांच्या गोत्रासह.

इथे एक बारकावा आहे. तुमच्या वडिलांच्या वहीतले मातामह म्हणजे तुमच्या आजीचे वडील. त्या वहीत पणजी ‘पितामही’ म्हणून येते आणि तिच्यापुढे सासरचंच गोत्र असतं. पणजीचे वडील हवे असतील तर आजोबांनी किंवा त्यांच्या भावांनी वापरलेली वही मिळवायला हवी. थोरल्या पातीकडे नसेल तर धाकट्या पातीकडे विचारा. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, आजेपाडव्याला, नातू आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो. त्यासाठीची चिठ्ठी वेगळी ठेवलेली असू शकते.

या नामावळीत आडनाव नसतं. पण तीन पिढ्यांची नावं आणि गोत्र हाती आलं, तर पुढे कोणत्याही दप्तरात योग्य घर ओळखता येतं. आडनावांपेक्षा हा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो. आडनावं बदलतात. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनावरून लागलेली नावं खाली मूळ आडनाव झाकून ठेवतात आणि गाव सोडलेला माणूस गावाच्या नावाला ‘कर’ लावून घेतो. तीन पिढ्यांची नावं अशी बदलत नाहीत.

थोरल्या मुलाचं जन्मस्थळ

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज सगळ्या महाराष्ट्रात होता. म्हणून पणजीच्या सर्वांत थोरल्या अपत्याचा जन्म ज्या गावी झाला, ते बहुधा तिचं माहेर. शाळा सोडल्याच्या दाखल्यात ‘जन्मस्थळ’ हा रकाना असतो. दाखला घरात नसेल तर आजोबा ज्या शाळेत शिकले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. हे रजिस्टर शाळेने कायम जपायचं असतं आणि जुन्या मराठी शाळांत अनेक दशकांपूर्वीच्या नोंदीही सापडतात.

उतारा हातात आला की पालकाचं नाव नीट पाहा. वडील लवकर वारले किंवा गावात शाळा नव्हती म्हणून मुलगा मामाकडे शिकायला राहिला, असं फार घरांत घडलं आहे. अशा वेळी पालक म्हणून मामाचं पूर्ण नाव लिहिलेलं असतं आणि तुमचा शोध तिथेच संपू शकतो. भावंडांपैकी प्रत्येकाचा दाखला पाहावा. एक जण सासरच्या गावी शिकलेला आणि दुसरा आजोळी, असंही आढळतं.

जन्म-मृत्यूची जुनी नोंद: गाव नमुना १४

गाव ठरलं की तिथली गाव नमुना १४ ही नोंदवही शोधायची. गावचे जन्म-मृत्यू तीत लिहिले जात. विदर्भात हिलाच कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या साधारणपणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. शहरांच्या नोंदी नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत.

बाळाच्या नावाने शोधत बसू नका. नोंद झाली तेव्हा बारसं झालेलंच नसे, त्यामुळे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं असतं. बापाच्या नावाने शोधा. आजोळी जन्मलेल्या मुलाच्या नोंदीत बापाचं नाव आणि त्याचं गाव दिसू शकतं. काही ठिकाणी ज्याच्या घरी बाळंतपण झालं त्याचंही नाव येतं. हे दुसरं नाव म्हणजे सोनं. जन्मवर्ष अंदाजे माहीत असेल तर आधीची आणि नंतरची मिळून पाच-सहा वर्षं तपासा, कारण शाळेत घातलेली जन्मतारीख बऱ्याचदा मास्तरांनी ठरवलेली असते.

अर्ज साधा असावा. असा:

‘मौजे ____, तालुका ____ येथील गाव नमुना १४ (जन्म-मृत्यू नोंदवही), सन ____ ते ____, यांमध्ये ____ यांच्या नावे असलेल्या नोंदींचा शोध घेऊन प्रमाणित नक्कल मिळावी. कारण: कौटुंबिक वंशावळ.’

वर्षांचा टप्पा लहान ठेवा. ‘सगळी माहिती द्यावी’ असा अर्ज बाजूला पडतो. नोंद सापडली नाही तर तसं लेखी मागा, म्हणजे तीच वही पुन्हा उघडण्याची वेळ येत नाही.

१९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याची अंमलबजावणी महाराष्ट्रात १ एप्रिल १९७०पासून झाली. त्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या निबंधकाकडे असतात. या कायद्याच्या कलम १७ नुसार कुणालाही शोध घेण्याची मागणी करता येते आणि उतारा मिळतो. मृत्यूचं कारण मात्र त्यात दिलं जात नाही. पणजी १९७० नंतर वारली असेल तर तिच्या मृत्यूची नोंद काढा, पण फार आशा ठेवू नका. विवाहितेच्या बाबतीत वडिलांच्या जागी पतीचं नाव लिहिलं जातं. आईच्या नावाचा रकाना असेल आणि भरलेला असेल, तर नशीब.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा मोठा शोध झाला आणि अनेक जिल्ह्यांनी जुनी पानं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवली. उद्देश वेगळा होता, पण नमुना १४ची पानं घरबसल्या पाहायला मिळतात, हा आपला फायदा. तुमचा जिल्हा आणि तालुका तिथे आहे का ते अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्या.

जमिनीचे कागद

शेती असलेल्या घरांसाठी हा सगळ्यांत समृद्ध साठा आहे. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण माणसांची गोष्ट फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत, असते. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आणि ६-क म्हणजे वारस नोंदवही. खातेदार वारला की कोण वारस, कुणाशी काय नातं, हे त्यात लिहिलं जातं.

सासरच्या गावापासून सुरुवात करा. पणजोबा मुलं लहान असताना वारले असतील तर मुलांच्या नावांपुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं दिसतील: अज्ञान पालन कर्ता. अज्ञान म्हणजे वयाने लहान. तिथे आई असते, चुलता असतो आणि कधी कधी मामा, पूर्ण नावानिशी. ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. त्याचा इथे उपयोग नाही.

आता माहेरच्या बाजूने या. १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला आणि बापाच्या वारसांत मुलीचं नाव मुलाच्या बरोबरीने आलं. पणजीचे वडील त्यानंतर वारले असतील, तर त्यांच्या वारसाच्या फेरफारात तिचं नाव सासरच्या आडनावासह लिहिलेलं असण्याची चांगली शक्यता आहे. जन्मस्थळावरून गावाचा अंदाज आला आहे, आता त्या गावच्या फेरफारांत तुमचंच आडनाव शोधायचं. परक्या गावच्या वहीत आपलं आडनाव दिसलं की समजावं, ही आपल्याकडची सून.

सातबाऱ्यावर कब्जेदारांच्या यादीत ती नसेल तर ‘इतर हक्क’ या रकान्यात पाहा. बहिणींची नावं तिथे टाकण्याची पद्धत सर्रास होती. पुढे बहिणींनी भावांना हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर त्याचा फेरफार वेगळा होतो आणि त्यात भावा-बहिणींची नावं एकाच ओळीत येतात. हक्कसोडपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात सूचीवरून त्याचा माग लागतो. स्थावर मालमत्तेच्या दस्तांची सूची फी भरून कुणालाही पाहता येते. त्या दस्तात वय आणि पत्ताही असतो.

एक वाट कमी जणांना ठाऊक असते. मूलबाळ नसलेल्या बाईला आईवडिलांकडून जमीन मिळाली असेल आणि मृत्युपत्र न करता ती वारली, तर १९५६च्या कायद्यानुसार ती जमीन नवऱ्याकडे जात नाही, तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. घराण्यात अशी एखादी निपुत्रिक आजी असेल, तर तिच्या मृत्यूनंतरचा फेरफार म्हणजे तिच्या माहेरची यादीच.

काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘महाभूमी’च्या ‘आपले अभिलेख’ या सेवेवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. बाकी ठिकाणी तहसीलचा अभिलेख कक्ष. वाटणीचा दावा कधी झाला असेल तर त्याचा निकालही मिळवा. दाव्यात वंशवृक्ष जोडलेला असतो आणि तिथे लेकींनाही जागा मिळते.

कागद वाचताना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं पुष्कळ दप्तर मोडी लिपीत आहे. मोडी शिकणं कठीण नाही, पण वेळ लागतो. तोवर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ पानाचा फोटो जपून ठेवा. दुसऱ्या जाणकाराला एखादं नाव वेगळं लागू शकतं.

नात्याचे शब्द ओळखता आले की पान लवकर उलगडतं. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, विदर्भाकडे ‘वल्द’. ‘कोम’, ‘जौजे’ किंवा ‘भ्र.’ यांच्यापुढे नवऱ्याचं नाव असतं, ‘भ्र.’ हे भ्रताराचं लघुरूप. ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘गंगाबाई कोम रामजी’ यात रामजी बाप समजून पुढची सगळी शोधाशोध चुकलेली घरं आहेत, म्हणून हा शब्द आधी पाहावा.

सनही तपासा. शके असेल तर ७८ मिळवा. पौष-माघानंतरचे, इंग्रजी वर्ष उलटल्यावरचे महिने असतील तर ७९. मराठवाड्यात निजामकाळातले कागद उर्दूत आणि फसली सनात असतात. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो, म्हणजे फसली १३६० हे १९५०-५१च्या सुमाराचं. हैदराबाद राज्याच्या काळातलं १९५४-५५चं खासरा पत्रक, म्हणजे शेतवार जमिनीची नोंद, मराठवाड्यासाठी चांगला टेकू आहे.

वह्या सांभाळणारी माणसं

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार इथले तीर्थोपाध्ये आपापल्या यजमानांच्या वह्या राखतात. वह्या आडनाव आणि मूळ गावावरून लावलेल्या असतात, त्यामुळे आडनावाआधी मूळ गाव सांगा. सासरच्या वहीत बायकांची नावं असली तरी माहेर असेलच असं नाही. खरा उपयोग उलट दिशेने होतो: माहेरच्या गावचा अंदाज असेल तर त्या गावच्या यजमानांची वही पाहायला मागा आणि श्राद्धाच्या नामावळीतल्या तीन नावांशी ताडून पाहा. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग झालेलं आहे आणि ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर ते विनामूल्य पाहता येतं.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात हेळवी लोक घराण्यांच्या पिढ्या वाचून दाखवतात. त्यांचा भर पुरुषांच्या पिढ्यांवर असला तरी बसवून, चहापाणी करून सोयरिकीचं विचारा.

तुमच्या कुळाचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर आधी तोच उघडा. चांगल्या कुलवृत्तांतात प्रत्येक सुनेपुढे ‘पूर्वाश्रमीची’ म्हणून माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव असतं, लेकींपुढे सासर असतं. तुमच्याकडे नोंद अपुरी असेल तर ज्या आडनावाचा संशय आहे त्यांच्या कुलवृत्तांतात लेकींच्या यादीत तुमचं आडनाव शोधा.

ख्रिस्ती घरांचं काम तुलनेने सोपं: चर्चच्या विवाह नोंदवहीत दोन्हीकडच्या वडिलांची नावं असतात. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या नागरी जन्मनोंदीत, धर्म कोणताही असो, दोन्हीकडचे आजी-आजोबा लिहिलेले सापडतात. मुस्लिम घरांत निकाहनाम्यात वधूच्या वडिलांचं नाव असतं; काझींच्या वहीची चौकशी करा. शिकलेल्या, नोकरी केलेल्या बायकांसाठी शासनाच्या राजपत्रातल्या नावबदलाच्या सूचना पाहाव्यात, जुनं आणि नवं नाव तिथे शेजारी शेजारी छापलेलं असतं.

नाव सापडलं, पण खरं का?

इथे घाई करू नका. पणजोबांची दोन लग्नं झाली होती का, हे आधी निश्चित करा. बाळंतपणात बायको दगावणं आणि दुसरं लग्न होणं त्या काळी नेहमीचं होतं. भांडी पहिल्या पत्नीच्या माहेरची आणि आजोबा दुसरीच्या पोटचे, असं होऊ शकतं. फेरफारातली वर्षं आणि मुलांची वयं एका कागदावर मांडली की हा गुंता दिसतो. आजोबा दत्तक असतील तर श्राद्धाच्या नामावळीतले मातामह दत्तक आईचे वडील असतात, जन्मदात्रीचे नव्हेत. आणि आईच्या गावचा कुणीही वडीलधारा ‘मामा’च असतो, तेव्हा आठवणीतला मामा सख्खा होता की गावकीतला, हे विचारून घ्या.

गोत्र किंवा देवक यांचा उपयोग चाळणीसारखा करा. सासरचं आणि संशयित माहेरचं गोत्र किंवा देवक एकच निघालं तर ती सोयरीक झालेली असण्याची शक्यता कमी. उलट, मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या घरांत पणजीचं माहेर आणि तिच्या सासूचं माहेर एकच असू शकतं. तेव्हा एकच आडनाव दोन पिढ्यांत आलं म्हणून ती चूक समजून खोडू नका.

माझा नियम असा आहे: एकमेकांवर न बेतलेले दोन पुरावे जुळले की नाव वंशावळीत शाईने लिहावं, तोवर पेन्सिलीने. शाळेच्या दाखल्यातलं गाव आणि त्या गावच्या फेरफारातलं नाव, हे दोन वेगळे पुरावे. आत्याने सांगितलेलं आणि आत्याकडून ऐकून चुलत्याने सांगितलेलं, हा एकच.

वंशावळीत लिहिताना दोन्ही नावं लिहा: आधी पाळण्यातलं आणि माहेरचं आडनाव, मग सासरचं. खाली कोणत्या गावच्या कोणत्या वहीचं कोणतं पान, फेरफार क्रमांक किती, कुणी सांगितलं, हे नोंदवा. तिच्या भावांची नावंही तिथेच लिहून ठेवा. त्यांचे वंशज कुठेतरी स्वतःची वंशावळ लिहीत असतील आणि त्यांच्या कागदात ‘अमकी लेक, तमक्या गावी दिली’ एवढंच असेल. त्यांचा पत्ता फेरफाराच्या पानावरून लागतो. त्यांना पत्र लिहा, आपल्याकडची पानं पाठवा.